सोडतीचा रुपया जातो कुठे?

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

यंदाच्या आंतरवर्गीय वादविवाद स्पर्धेचा विषय होता, ‘राज्य लॉटरी ही जनकल्याणाला पोषक आहे’. आपल्याकडे बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवण्याची पद्धत आहे. बोलायचे सोडतीवर आणि कोणत्या बाजूने बोलायचे तेही सोडतीनेच ठरायचे, हा योग मोठा गमतीचा! माझ्या चिठ्ठीत ‘अनुकूल’ निघाले. मग मी केरळातल्या रुग्णांना मिळणारे साहाय्य, महाराष्ट्राची तिजोरी, सिडनीचे संगीतगृह असे सारे एका दमात सांगितले, टाळ्या घेतल्या आणि दुसरे पारितोषिकही मिळवले.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेलो, तेव्हा तिथल्या शिपाईकाकांनी मला काउंटरपाशी थांबवले. म्हणाले, “काल झ्याक बोललास. पण मला एक सांग. मी गेली बावीस वर्षं तिकीट काढतोय. तुझ्या भाषणात दवाखाना झाला, शाळा झाली. त्यात माझी वीट कंची?”

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न काही पाठ सोडीना. ज्याच्या पैशावर हा सारा डोलारा उभा आहे, तो माणूस हिशेब विचारतो आहे आणि अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणवणाऱ्या मला तो देता येत नाही, ही गोष्ट मनाला लागली. म्हणून पुढचे काही आठवडे मी या विषयाच्या मागे लागलो. त्यासाठी लागलेली पुस्तके वरच्या फळ्यांवरून शिपाईकाकांनीच काढून दिली, हे कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.

जुगार आणि राजा: जुने नाते

राज्याने जुगारातून उत्पन्न काढावे ही कल्पना आजची नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘द्यूताध्यक्ष’ नावाचा अधिकारीच आहे. जुगार एकाच ठिकाणी, त्याच्या देखरेखीखाली चालावा. अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड व्हावा. अध्यक्षाने जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावेत आणि फासे, जागा, पाणी यांचे भाडे वेगळे घ्यावे, अशी व्यवस्था तिथे सांगितली आहे. कारणही दिले आहे: गुप्तपणे गैरमार्गाने जगणारे लोक अशा ठिकाणी सापडतात. म्हणजे जुगार वाईट हे मान्य, पण तो होणारच आहे तर आपल्या नजरेखाली होऊ द्यावा आणि जाता जाता तिजोरीतही भर पडावी. आजची कोणतीही राज्य लॉटरी घेतली तरी तिच्या समर्थनाचे सार याहून फारसे वेगळे निघत नाही.

इंग्रजी अमदानीत कलकत्त्याने या मार्गाचा मोठा उपयोग केला. तिथला टाउन हॉल १८१३ मध्ये उभा राहिला, तो लॉटरीच्या पैशातून. १८१७ मध्ये तर ‘लॉटरी कमिटी’च नेमली गेली आणि शहरातले अनेक मोठे रस्ते तिने बांधून काढले. ज्या कॉलेज स्ट्रीटवरच्या पुस्तकांच्या दुकानांचे कौतुक आपण ऐकतो, तो रस्ता याच कमिटीच्या कामांपैकी. पुढे इंग्लंडातले लोकमत लॉटरीच्या विरुद्ध गेले आणि १८३६ मध्ये हा प्रकार थांबला. १८७० मध्ये भारतीय दंड संहितेत २९४-अ हे कलम आले आणि शासनाची नसलेली लॉटरी चालवण्यासाठी कचेरी थाटणे हा गुन्हा ठरला. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हे कलम २९७ या क्रमांकाने कायम आहे. सारांश, तुम्ही-आम्ही लॉटरी काढली तर तुरुंग, शासनाने काढली तर महसूल!

हा भेद न्यायालयांपुढेही आला. मुंबई राज्याने १९४८ मध्ये लॉटऱ्या आणि बक्षीस-स्पर्धा यांवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा केला. बंगळूरहून शब्दकोड्यांच्या स्पर्धा चालवणाऱ्या आर. एम. डी. चमारबागवाला यांनी, ‘व्यापार करण्याचा आम्हाला मूलभूत हक्क आहे’ असे म्हणत त्याला आव्हान दिले. १९५७ मध्ये सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी निकाल देताना ऋग्वेदापासून महाभारतापर्यंतचे दाखले घेतले आणि जुगार हा राज्यघटनेला अभिप्रेत असलेला व्यापार नव्हेच, असे सांगितले. पुढे १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच धाग्याने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली, की लॉटरी राज्याने चालवली म्हणून तिचे जुगारपण जात नाही. माझ्या भाषणात हे वाक्य नव्हते. असते, तर दुसरे पारितोषिकही हुकले असते!

केरळ आणि महाराष्ट्र

स्वातंत्र्यानंतर राज्य लॉटरीचा आधुनिक अध्याय सुरू केला तो केरळने. १९६७ मध्ये तिथल्या शासनाने खाजगी लॉटऱ्या बंद केल्या आणि अर्थमंत्री पी. के. कुंजू यांच्या पुढाकाराने शासनाची स्वतःची लॉटरी काढली. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला, म्हणजे केरळच्या स्थापनादिनी, पहिले तिकीट विक्रीला आले. किंमत एक रुपया, पहिले बक्षीस पन्नास हजार. सोडत झाली २६ जानेवारी १९६८ रोजी.

पाठोपाठ १९६९ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. विकासकामांसाठी पैसा उभा करणे हा हेतू होताच. परंतु आपल्याकडे आणखी एक कारण होते. मुंबईत त्या काळी आकड्याचा आणि मटक्याचा धंदा जोरात होता. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातल्या भावांच्या आकड्यांवर पैसे लावण्याची सवय गिरणगावापासून पेढ्यांपर्यंत पसरली होती आणि ते भाव येणे थांबल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे ठरवले जाऊ लागले. लोकांना या बेकायदा खेळातून बाहेर काढून कायद्याच्या खेळाकडे वळवावे, असा विचार झाला.

तो साधला काय? मटका त्यानंतरच्या दशकात उलट वाढला, हे सर्वविदित आहे. कारण उघड आहे. लॉटरीचे तिकीट आज घ्यावे आणि निकालाची वाट पुढे पाहावी. मटक्याचा आकडा दिवसातून दोनदा फुटतो, पैसे चार आणेही चालतात, ओळखीवर उधारीही मिळते. मटकेवाल्याचे गिऱ्हाईक ओढायचे तर शासनाला मटकेवाल्यासारखेच व्हावे लागणार! पुढे देशात ठिकठिकाणी नेमके तेच झाले. निरनिराळ्या राज्यांच्या नावाने एकअंकी लॉटऱ्या निघाल्या, त्यांचे निकाल झटपट लागू लागले आणि त्यांपायी संसार उद्ध्वस्त झाल्याच्या तक्रारी वाढल्या. मटका संपवायला निघालेली लॉटरी स्वतःच मटका होऊन बसली.

कायद्याची चौकट

घटनेच्या सातव्या अनुसूचीत जुगार आणि पैजा हा विषय राज्यांकडे आहे. पण राज्य अथवा केंद्र शासनाने चालवलेल्या लॉटऱ्या हा विषय मात्र केंद्राच्या सूचीत चाळिसाव्या क्रमांकावर आहे. त्यानुसार संसदेने १९९८ मध्ये लॉटरी विनियमन कायदा केला. त्यातल्या मुख्य अटी अशा: एकअंकी किंवा आधी जाहीर केलेल्या क्रमांकावर बक्षीस देता येणार नाही, तिकिटे राज्याने स्वतःच्या बोधचिन्हासह छापली पाहिजेत, सोडत राज्याने स्वतः, राज्याच्या हद्दीत काढली पाहिजे, विक्रीचा पैसा राज्याच्या खात्यात जमा झाला पाहिजे, एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा अधिक सोडत नको, बंपर सोडती वर्षाला सहापेक्षा अधिक नकोत, आणि कुणी न नेलेले बक्षीस राज्याचे.

आठवड्यातून एकच सोडत, तर मग रोज निकाल कसे लागतात? गोम अशी, की अट ‘एका’ लॉटरीला आहे. सात वारांच्या सात लॉटऱ्या सात नावांनी काढल्या, की कायदाही पाळला जातो आणि रोज सोडतही होते. ‘गजलक्ष्मी’सारखी नावे तिकिटांवर निरनिराळी का दिसतात, ते मला इथे उमगले. २०१० च्या नियमांनी तर एका राज्याच्या सर्व लॉटऱ्या मिळून दिवसाला चोवीस सोडतींपर्यंत मोकळीक दिली.

आणखी एक पेच ध्यानात घेण्याजोगा आहे. महाराष्ट्राने एकदा इतर राज्यांच्या तिकिटांना बंदी करून पाहिली होती. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती चालू दिली नाही. १९९८ च्या कायद्याने राज्यांना अशी बंदी घालण्याचा अधिकार दिला. परंतु १९९९ च्या निकालात न्यायालयाने त्याला अट जोडली: स्वतःची लॉटरी बंद करणाऱ्या राज्यालाच दुसऱ्याची बंद करता येईल. आपले दुकान चालू ठेवून शेजाऱ्याचे दुकान बंद पाडता येणार नाही. तमिळनाडूने २००३ मध्ये आणि कर्नाटकाने २००७ मध्ये दारे पूर्ण लावून घेतली. महाराष्ट्राने आपली लॉटरी राखली. त्यामुळे आपल्या राज्यात विकल्या जाणाऱ्या तिकिटांतला बराच पैसा ईशान्येकडच्या राज्यांच्या लॉटऱ्यांकडे आणि त्यांच्या वितरकांकडे जातो. या धंद्यात वितरकांच्या हाती किती पैसा खेळतो, याची कल्पना मार्च २०२४ मध्ये आली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने निवडणूक रोखे घेणाऱ्यांची यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यात सर्वांत वर १,३६८ कोटी रुपयांचे रोखे घेणारी एक लॉटरी वितरक कंपनीच होती.

दहा रुपयांचा प्रवास

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, एका सोडतीची दहा लाख तिकिटे छापली, प्रत्येकी दहा रुपयांना, आणि सगळी खपली. जमा झाले एक कोटी. (हे आकडे केवळ समजण्यासाठी मी कल्पिले आहेत, कराचा दर मात्र खरा आहे.)

पहिला वाटा कराचा. लॉटरीवरचा वस्तू व सेवा कर १ मार्च २०२० पासून सरसकट २८ टक्के झाला. तो ठरवताना १८ डिसेंबर २०१९ च्या बैठकीत त्या परिषदेत इतिहासात प्रथमच मतदान घ्यावे लागले, इतका हा विषय नाजूक! २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के आहे. हा कर तिकिटाच्या छापील किमतीतच धरलेला असतो. म्हणून दहा रुपयांतले सुमारे २ रुपये ८६ पैसे कराचे. आपल्या एका कोटीतून सुमारे साडेअठ्ठावीस लाख इथे गेले. राज्यातच झालेल्या विक्रीवरचा हा कर केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मा निम्मा वाटला जातो. बक्षिसांची रक्कम वगळून उरलेल्या पैशावरच कर घ्यावा, असा युक्तिवाद २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात झाला होता, पण तो टिकला नाही.

दुसरा वाटा बक्षिसांचा. तो निम्मा, म्हणजे पन्नास लाख धरू. तिसरा वाटा मुख्य वितरकापासून फुटपाथवरच्या विक्रेत्यापर्यंतच्या दलालीचा. तो दहा लाख धरू. छपाई, जाहिरात, कचेरी, सोडतीचा खर्च यांसाठी तीन लाख. उरले किती? साडेआठ लाखांच्या आसपास. हा राज्याचा निव्वळ नफा. त्यात कराचा राज्याचा निम्मा हिस्सा, सव्वाचौदा लाखांहून थोडा अधिक, मिळवला तर राज्याच्या पदरी पावणेतेवीस लाखांच्या जवळपास पडतात. म्हणजे दहा रुपयांतले सव्वादोन ते अडीच रुपयांच्या दरम्यान.

इथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. लॉटरीचे उत्पन्न म्हणून वर्तमानपत्रांत जे हजारो कोटींचे आकडे येतात, ते पुष्कळदा एकूण विक्रीचे असतात. केरळच्या अर्थसंकल्पात करेतर महसुलाचा फार मोठा भाग लॉटरीचा दिसतो, तो अशा ढोबळ जमेमुळे. बक्षिसे आणि दलाली खर्चाच्या बाजूला वेगळी दाखवलेली असतात. दोन्ही बाजू वाचल्याखेरीज खरा नफा कळत नाही. मी भाषणात जो आकडा ठणकावून सांगितला होता तो विक्रीचा होता, हे कबूल केलेले बरे. परीक्षकांनी तो पकडला नाही, हे माझे भाग्य.

जनकल्याण म्हणजे नेमके काय?

राज्याच्या पदरी पडलेला हा पैसा शाळेत जातो की रस्त्यात? याची उत्तरे दोन प्रकारची आहेत.

पहिला प्रकार विशिष्ट कामाला बांधलेल्या पैशाचा. सिडनीचे संगीतगृह १९७३ मध्ये पुरे झाले. त्याला लागलेल्या १० कोटी २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांपैकी बहुतेक रक्कम त्यासाठीच काढलेल्या लॉटरीतून आली. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने १९६४ मध्ये शिक्षणासाठी म्हणून लॉटरी सुरू केली. ब्रिटनची राष्ट्रीय लॉटरी १९९४ मध्ये निघाली, तेव्हा दर पौंडातले सुमारे २८ पेन्स कला, क्रीडा, वारसा, सेवाकार्य अशा सत्कार्यांसाठी आणि १२ पेन्स कराचे अशी मांडणी होती. आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण केरळचेच. २०११ मध्ये अर्थमंत्री के. एम. मणी यांच्या काळात ‘कारुण्य’ नावाची लॉटरी निघाली आणि तिच्या नफ्यातून गरीब रुग्णांना कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार, हिमोफिलिया यांच्या उपचारांसाठी मदत देण्याचा निधी उभारण्यात आला. तिकीट घेणाऱ्याला निदान इतके तरी सांगता येते, की माझे नशीब फळले नाही तर कुणाचे तरी औषध झाले.

दुसरा प्रकार आपला. महाराष्ट्रात लॉटरीचा नफा राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळतो. तिथून पगार, निवृत्तिवेतन, कर्जाचे व्याज, धरणे, शाळा असे सारे खर्च होतात. पंचगंगेत एक घागर ओतली आणि खाली नरसोबाच्या वाडीला जाऊन ‘माझे पाणी कोणते’ विचारले, तर कोण सांगणार? शिपाईकाकांची वीट अशी शोधून सापडणार नाही.

मग पहिलाच प्रकार श्रेष्ठ म्हणावा काय? मलाही आधी तसेच वाटले. परंतु अर्थशास्त्राच्या सरांशी बोलताना त्यांनी एक वेगळीच बाजू दाखवली. समजा, हौदाला दोन नळ आहेत. लॉटरीचा नळ सुरू झाल्यावर अर्थखात्याने हळूच दुसरा नळ थोडा बंद केला, तर हौदातले पाणी तेवढेच राहते. ‘शिक्षणासाठी लॉटरी’ काढून शिक्षणावरची नेहमीची तरतूद तेवढीच कमी केली, तर पाटी बदलते, शिक्षणाला जादा काही मिळत नाही. अमेरिकेतल्या शिक्षणासाठीच्या लॉटऱ्यांवर हा आक्षेप वारंवार घेतला गेला आहे. तेव्हा पैसा कोणत्या कामाला बांधला एवढेच पाहून भागत नाही. त्या कामावरचा एकूण खर्च वाढला का, हे पाहावे लागते.

खेळणाऱ्याच्या पदरी

लॉटरीचे दुसरे वचन खेळणाऱ्याला. आपल्या कल्पित सोडतीत दहा रुपयांमागे सरासरी पाच रुपये परत येतात. पण ‘सरासरी’ हा शब्द मोठा फसवा आहे. पहिले बक्षीस लागण्याचा संभव दहा लाखांत एक. आषाढीला पंढरपुरात दहा लाख वारकरी जमले आणि त्यांतल्या एकाच्याच पडशीत चिठ्ठी असली, तर तुम्ही डोळे मिटून धरलेला पहिलाच हात त्याचा असण्याचा जो संभव, तोच हा. दर आठवड्याला एक तिकीट घेणाऱ्याला दहा लाख तिकिटे घ्यायला १९ हजार वर्षांहून अधिक काळ लागेल. आणि इतके करूनही बक्षीस लागेलच असे नाही, कारण प्रत्येक सोडत नवी असते; मागची तिकिटे पुढच्या सोडतीच्या खाती जमा होत नाहीत. ‘इतकी वर्षे लागले नाही, आता लागायलाच हवे’ ही समजूत अगदी चांगल्या शिकलेल्या माणसांतही आढळते.

ज्याला लागते त्यालाही सगळे मिळत नाही. लॉटरीच्या बक्षिसावर प्राप्तिकर सरळ ३० टक्के, वर उपकर आणि रक्कम मोठी असेल तर अधिभार. इतर उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असले तरी यातून सुटका नाही आणि आजवर वाया गेलेल्या तिकिटांचा खर्चही वजा मिळत नाही. केरळच्या ओणम बंपरचे पहिले बक्षीस २०२२ मध्ये पंचवीस कोटी होते. त्यातून विक्रेत्याची दहा टक्के दलाली वजा जाता साडेबावीस कोटी उरतात. त्यावरचा ३० टक्के कर कापला की पंधरा कोटी पंचाहत्तर लाख. अधिभार आणि उपकर त्यानंतरचे.

अर्थात, लॉटरीवर जगणारा आणखी एक वर्ग आहे, तो विक्रेत्यांचा. केरळात हजारो कुटुंबे यावर पोट भरतात आणि त्यांच्यासाठी कल्याणनिधीही आहे. आपल्याकडेही एस.टी. स्टँडवर तिकिटे विकणारे कित्येक विक्रेते अंध वा अपंग असतात. लॉटरी उद्या बंद करा म्हणणाऱ्याने त्यांच्या चुलीचा विचार आधी केला पाहिजे. प्रतिकूल बाजूच्या वक्त्यांपैकी कुणीही तो केला नव्हता.

मग निष्कर्ष काय?

लॉटरीला ‘ऐच्छिक कर’ म्हणतात. कुणी बळजबरी करीत नाही, हे खरे. परंतु कोणत्याही कराबाबत आपण विचारतो, की तो कुणावर पडतो? मोटारवाला आणि मोलमजुरी करणारा, दोघांनी दहाचे तिकीट घेतले तर मजुराच्या दिवसभराच्या कमाईतला कितीतरी मोठा हिस्सा गेलेला असतो. शिवाय तिकिटाच्या खिडकीशी उभे कोण असते, ते आपण रोज स्टँडवर पाहतोच. ज्यांच्यासाठी कल्याणकारी योजना आहेत, त्यांच्याच खिशातून त्यांचा खर्च निघत असेल, तर त्याला कल्याण कितपत म्हणावे? आणि तरीही, लॉटरी बंद केल्याने हा माणूस आकड्याकडे किंवा मोबाइलवरच्या बेकायदा जुगाराकडे वळणार असेल, तर कौटिल्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ ठरत नाही.

माझ्या मते शासनाकडून निदान तीन गोष्टींची अपेक्षा करता येईल. पहिली, तिकिटाच्या मागे बक्षिसांच्या यादीबरोबर दहा रुपयांची विभागणीही छापावी: इतके बक्षिसांना, इतके दलालीला, इतके करात, इतके तिजोरीत. दुसरी, निव्वळ नफा एखाद्या ठरलेल्या कामाला द्यावा आणि त्या कामावरची मूळ तरतूद कमी केली नाही, हे दरवर्षी विधिमंडळापुढे मांडावे. तिसरी, पहिले बक्षीस लागण्याचा संभव किती, हे जाहिरातीत बक्षिसाच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत असावे. हे वाचूनही ज्याला तिकीट घ्यायचे असेल त्याने जरूर घ्यावे. त्याला आशा विकत घेण्याचा हक्क आहे. तिची खरी किंमत समजण्याचाही आहे.

लेख पुरा झाल्यावर मी शिपाईकाकांपाशी बसलो आणि कागदावर त्यांचा हिशेब मांडला. बावीस वर्षे, आठवड्याला दोन तिकिटे. सुरुवातीला तिकिटे स्वस्त होती, ते धरून त्यांच्याच अंदाजाने अठरा हजारांच्या आसपास गेले होते. आले होते साडेतीन हजार. त्यात एकदा लागलेले हजार रुपये मोठे. त्यांची मुलगी यंदा आपल्याच महाविद्यालयात प्रथम वर्षाला आहे. तिकीट तिच्या नावाने काढतो, असे त्यांनी तेव्हा प्रथमच सांगितले.

ते कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हंजी दहातलं सव्वादोन-अडीच रुपये सरकारात जमा. बावीस वर्षांचं चार हजार तरी झालं की! एवढ्यात किती विटा येतात रं?”

मी म्हटले, “काका, कराचे दर पूर्वी निराळे होते, आकडे मी धरलेले आहेत. पण पाच-सहाशे विटा सहज येतील.”

“मग झालं तर. एक आडवी भिंत माझी,” असे म्हणून त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

पुढच्या शनिवारी ते मला स्टँडवर दिसले. हातात तिकीट होते. एकच होते. उरलेल्या दहा रुपयांचे काय करता, असे मी विचारले नाही. ते विचारण्याचा अधिकार भाषणाच्या पारितोषिकाने मला मिळत नाही, एवढे या लेखाच्या निमित्ताने शिकलो.